टाय-ब्लेझरची सक्ती आणि माळव्याची हवा

इंदूरमध्ये आयआयएम १९९६ मध्ये आणि आयआयटी २००९ मध्ये सुरू झाली, आणि या दोन मोठ्या नावांच्या आगेमागे शहराच्या चारही दिशांना खासगी व्यवस्थापन आणि अभियांत्रिकी महाविद्यालये उभी राहिली. यांतल्या कितीतरी ठिकाणी प्रवेश घेतलेल्या मुलाच्या हाती सुरुवातीलाच जी यादी पडते, तिच्यात ब्लेझर, टाय, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि काळे बूट यांची नोंद असते. पुढे नोकरीच्या मुलाखतीला तोच वेश, औषध कंपनीच्या प्रतिनिधीला तोच, मोटारींच्या शोरूममध्ये आणि हॉटेलच्या स्वागतकक्षातही तोच. शहरातल्या तरुण पुरुषाने रोज काय घालावे हे त्याच्या आवडीपेक्षा या नियमांनी अधिक ठरते, आणि एकदा अंगवळणी पडलेला वेश तो पुढे स्वतःच्या पैशांनीही विकत घेत राहतो. पुरुषांच्या फॅशनची चर्चा म्हणूनच मी या यादीपासून सुरू करतो आहे.

माझे म्हणणे असे आहे की, पुरुषाचा औपचारिक पोशाख कोणता हे त्या त्या गावच्या हवेने आणि तिथे मिळणाऱ्या कापडाने ठरले पाहिजे. इंदूरच्या महाविद्यालयांनी, कचेऱ्यांनी आणि समारंभांच्या आयोजकांनी टाय-ब्लेझरची सक्ती सोडावी आणि अंगाला नीट बसणाऱ्या सुती शर्ट-पँटला, साध्या सदऱ्याला आणि हातमागाच्या बिनबाह्यांच्या बंडीला तेवढाच मान द्यावा. ही मागणी केवळ सोयीची नाही. पुरुष नीटनेटका, देखणा आणि आत्मविश्वासाने वावरताना दिसावा असे वाटत असेल, तर त्याचा मार्गही इथूनच जातो.

आधी हवेचा विचार करू. माळव्याचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे इथल्या रात्री सुखद असतात आणि ‘शब-ए-मालवा’चे कौतुक जुन्या लोकांनी उगाच केलेले नाही. परंतु कामाचे तास दिवसाचे असतात. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांच्या पुढे जातो, जूनच्या मध्यानंतर पाऊस येतो तो दमटपणा घेऊन, आणि ऑक्टोबरचे ऊन पुन्हा अंग भाजते. शरीर थंड होते ते घाम वाळल्यामुळे, आणि घाम वाळायचा तर कापडाने तो टिपून हवेत सोडला पाहिजे. वस्त्रशास्त्राच्या कोणत्याही प्राथमिक तक्त्यात हे आकडे सापडतात: प्रमाण हवेत सूत आपल्या वजनाच्या साधारण साडेआठ टक्के ओलावा धरते, लोकर सोळा टक्क्यांच्या आसपास, आणि पॉलिएस्टर अर्ध्या टक्क्याहूनही कमी. आपल्याकडचे स्वस्त सूटिंग बहुतांशी पॉलिएस्टर आणि व्हिस्कोस यांच्या मिश्रणाचे असते, आणि राजस्थानातले भिलवाडा हे त्याचे मोठे केंद्र आहे. हे कापड टिकाऊ आहे, चुरगळत नाही, रंग सोडत नाही, आणि गणवेशासाठी ते का निवडले जाते हे कळण्यासारखे आहे. मात्र जूनमध्ये इंदूरच्या रस्त्यांवरून दुचाकीने जाणाऱ्या माणसाच्या अंगावर त्याचा ब्लेझर चढवायचा, आत पुन्हा पॉलिएस्टरचेच अस्तर लावायचे आणि गळा टायने बंद करायचा, ही शरीराला दिलेली शिक्षा आहे.

अशा एखाद्या ब्लेझरची पुढची बाजू जवळून पाहावी. चांगल्या कोटात छातीचा भाग उभा राहतो तो आत टाक्यांनी अडकवलेल्या कॅनव्हासमुळे. स्वस्त कोटात त्याच्या जागी बकरम, म्हणजे ताठरपणा आणणारे कापड, गरम दाबाने चिकटवलेले असते, आणि कोट दोन-चार वेळा धुलाई होऊन आला की ते सुटते व कॉलरच्या खाली, छातीवर, कापडाला बारीक फुगे येतात. खांद्याची गादी मुलाच्या खांद्यापेक्षा बोटभर बाहेर जाते, तिथे बाहीला खळगा पडतो. बाही अर्धा तळहात झाकते, वास्तविक मनगटाच्या हाडापाशी थांबून तिने शर्टाचा कफ सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर दाखवायला हवा. मागच्या चिरेला कारखान्यात घातलेला फुलीचा कच्चा टाका तसाच राहिलेला असतो आणि बाहीवरची कंपनीची पट्टीही तशीच, कारण या दोन्ही गोष्टी घालण्यापूर्वी काढायच्या असतात हे त्या मुलाला कोणी सांगितलेलेच नसते. मुलाखतींच्या दिवशी मी हे वर्षानुवर्षे पाहत आलो आहे, आणि यात त्या मुलांचा काडीचाही दोष मला दिसत नाही. ज्या वस्त्राची जाण घरात नाही, मोहल्ल्यात नाही, ते वस्त्र त्यांना हुकूम म्हणून मिळाले आहे.

शिवाय हे कपडे ज्या मापांवर कापले जातात, ती मापे तरी आपली कुठे आहेत? तयार कपड्यांचे आकार आपण बराच काळ ब्रिटन-अमेरिकेच्या तक्त्यांवरून घेत आलो, आणि भारतीय शरीरांची स्वतंत्र मापे असावीत यासाठी राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने सहा शहरांत पंचवीस हजार लोकांच्या शरीरमापांचा प्रकल्प हाती घेतला तो अलीकडच्या काळात. छाती बसली तर बाही लांब, कंबर बसली तर मांडी आवळलेली, ही तक्रार प्रत्येक घरात ऐकू येते. शिंप्याकडे जाण्याची सवय असताना ही अडचण नव्हती. ती सवय सुटली आणि मोठ्या झगझगीत दुकानातल्या ‘लार्ज’ किंवा ‘मीडियम’ या चिठ्ठीवर आपण शरीर सोपवून मोकळे झालो.

आता सक्तीच्या बाजूने जे म्हटले जाते ते गंभीरपणे ऐकायला हवे, कारण त्यातला एक मुद्दा फार मोलाचा आहे. इंदूरपासून जवळच असलेल्या महू इथे १४ एप्रिल १८९१ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म झाला. त्यांचा सूट आणि टाय ही परक्यांची नक्कल होती असे म्हणण्याचे धाडस कोणी करू नये. ज्या समाजाने कोणी काय नेसावे, पायांत काय घालावे आणि दागिना कोणता ल्यावा यांवरही जातीची बंधने घातली, त्या समाजात काटेकोर शिवलेला सूट हा माणूस म्हणून बरोबरीचा दावा होता. आजही खेड्यातून आलेल्या एखाद्या मुलाला पहिला कोट अंगावर चढवताना जे वाटते, त्यात त्या दाव्याचा अंश असतो. म्हणून सूट गुलामीचे चिन्ह आहे, तो फेकून द्या, असला सरधोपट युक्तिवाद मला मान्य नाही. ज्याला तो घालायचा आहे त्याने तो अभिमानाने घालावा, आणि इंदूरच्या पौष-माघातल्या थंडीत लोकरीचा नीट शिवलेला कोट शोभूनही दिसतो.

पण निवडलेला सूट आणि लादलेला सूट यांत फरक आहे. गणवेशामुळे गरीब-श्रीमंत भेद झाकला जातो असे सांगितले जाते, आणि ब्लेझरच्या बाबतीत नेमके उलटे घडते. चांगल्या लोकरीचा, मापाने शिवलेला कोट आणि बाजारातला चिकटवलेला कोट एका रांगेत उभे केले, की कोणाच्या वडिलांची ऐपत किती हे दहा पावलांवरून कळते. पांढऱ्या सुती शर्टात हे अंतर पुष्कळ कमी होते. साधे चांगले पॉपलिन आणि हात बसलेल्या शिंप्याची शिलाई मिळून स्वस्तातल्या ब्लेझरपेक्षाही कमी पैसे लागतात, आणि तो शर्ट महागड्या शर्टाच्या शेजारी मान खाली न घालता उभा राहू शकतो.

याच शहराच्या इतिहासात निवडीचे एक सुंदर उदाहरण आहे. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) हे विसाव्या शतकातल्या युरोपीय अभिरुचीचे जाणकार होते, माणिकबाग राजवाडा त्यांनी एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुकाराकडून घडवून घेतला. फ्रेंच चित्रकार बर्नार ब्युते द मोंव्हेल याने त्यांची दोन प्रसिद्ध व्यक्तिचित्रे काढली. १९२९ च्या चित्रात ते पाश्चात्त्य संध्यावेशात उभे आहेत, तर काही वर्षांनी काढलेल्या दुसऱ्या चित्रात मराठा पोशाखात गादीवर बसलेले आहेत. दोन्ही चित्रे शेजारी ठेवली तर माणूस कुठेही उसना वाटत नाही, कारण दोन्ही वेशांत कापडाची निवड आणि बांधणी त्याच्या सडपातळ उंच देहाला धरून आहे. राजाला दोन्हीची मुभा होती. ती मुभा आज महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलाला मिळावी, एवढेच मागणे आहे.

इतर देशांनी याबाबत काय केले ते पाहण्यासारखे आहे. जपानसारख्या शिस्तप्रिय आणि सूटवेड्या देशात २००५ साली पर्यावरण मंत्रालयाने ‘कूल बिझ’ मोहीम काढली, उन्हाळ्यात कचेऱ्यांतले वातानुकूलन २८ अंशांवर ठेवायचे आणि पुरुषांनी टाय-कोट घरी ठेवायचा. बांगलादेशात २००९ साली शेख हसीना यांच्या सरकारने वीज वाचवण्यासाठी उन्हाळ्याच्या महिन्यांत सरकारी पुरुष कर्मचाऱ्यांना सूट-टाय न घालण्याची सूचना दिली. इंडोनेशियात पूर्ण बाह्यांचा बाटिक शर्ट आणि फिलिपीन्समध्ये बारोंग हा लांब बाह्यांचा सदरा ही वस्त्रे थेट औपचारिक पोशाख म्हणून मानली जातात, त्यांत मंत्री शपथ घेतात आणि नवरदेव उभे राहतात. आपल्याकडेही हालचाल झालेली आहे. २०१० साली भोपाळच्या भारतीय वन व्यवस्थापन संस्थेच्या पदवीदान समारंभात तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी भर मंचावर अंगावरचा झगा उतरवला होता, आणि पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीदानासाठी हातमागाच्या वस्त्रांची शिफारस केली. वकिलांच्या वेशाबाबत बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांतच म्हटले आहे की, सर्वोच्च आणि उच्च न्यायालये सोडून इतर न्यायालयांत उन्हाळ्यात काळा कोट सक्तीचा नाही. ज्या व्यवसायाची ओळखच काळा कोट आहे, तिथे जर उन्हाचा विचार होऊ शकतो, तर मोटारी विकणाऱ्या तरुणाच्या बाबतीत तो का होऊ नये?

विजेचाही प्रश्न यात आहे. कोट घातलेल्या माणसासाठी खोली थंड करावी लागते, मग शेजारी साडीत किंवा सलवार-कमीजमध्ये बसलेली सहकारी स्त्री शाल पांघरते, आणि बाहेर यंत्र गरम हवा सोडत राहते. २०२० पासून आपल्याकडच्या नव्या वातानुकूलन यंत्रांचे मूळ तापमान २४ अंशांवर लावलेले असते. अंगावर टाय-कोट असेपर्यंत ते तिथे कोणी राहू देत नाही.

आमच्या मराठी समाजाकडे वळतो, कारण इथे एक गोष्ट मला विशेष खटकते. रामबाग, नारायणबाग, लोकमान्यनगर, सुदामानगर या वस्त्यांतला पुरुष गणपतीत, गुढीपाडव्याला आणि ‘सानंद’ या इथल्या मराठी संस्थेच्या नाट्यप्रयोगाला झब्बा-सलवार घालून हौसेने जातो. तोच माणूस कचेरीत झब्बा घालून गेला, तर ‘आज घरी काही कार्य आहे का?’ असे विचारले जाते. आपले वस्त्र आपण सणापुरते ठेवले आणि कामाच्या जागेला परके वस्त्र दिले. परिणाम असा झाला की, सणाचा झब्बाही रोजच्या वापरातून तुटला आणि हळूहळू चमचमीत होत गेला. जरीची कॉलर, छातीवर भरतकाम, खाली पॉलिएस्टरचे चमकते धोतर शिवून तयार केलेले. लग्नात तर भर मे महिन्यात नवरदेवासह त्याचे सगळे मित्र तीन तुकड्यांच्या सुटात घामाघूम उभे असतात. साधा, नीट कापलेला, गुडघ्यापर्यंतचा पांढरा किंवा मोतिया सदरा, ज्याच्या देखणेपणाला कशाचीच जोड लागत नाही, तो दोन्हीकडून हरवला.

आणि हे कुठे घडावे, तर इंदुरात! एकोणिसाव्या शतकात तुकोजीराव होळकर (दुसरे) यांच्या काळात संस्थानाने इथे स्वतःची कापडगिरणी उभारली, पुढे मालवा, हुकुमचंद, स्वदेशी, कल्याण, राजकुमार अशा गिरण्यांनी या शहराला अन्न दिले. हुकुमचंद गिरणी १९९१ साली बंद पडली आणि कामगारांची थकलेली देणी मिळायला २०२३ चा डिसेंबर उजाडला, तरीही गिरणी कामगारांच्या झांक्या (चित्ररथ) अनंत चतुर्दशीच्या रात्री आजही निघतात. ज्या घरांत आजोबा सुताचा नंबर, म्हणजे ते किती बारीक आहे, हे बोटांनी चाचपून सांगत, त्या घरांतली नातवंडे आज कापडाच्या आतल्या चिठ्ठीवरची टक्केवारीही वाचत नाहीत. महाराजा तुकोजीराव क्लॉथ मार्केट अजून गजबजलेले आहे. तिथे उभे राहून कापड हातात घेणे, उजेडात धरणे, मुठीत चुरगळून सोडून पाहणे हे कौशल्य मात्र झपाट्याने जाते आहे, आणि ते गेले की चांगल्या पोशाखाचा पायाच जातो.

मग रोजचा औपचारिक पोशाख कसा असावा? सुरुवात शर्टापासून करावी. अट्ठावन्न इंच पन्ह्याचे कापड असेल तर साधारण दीड-पावणेदोन मीटर, छत्तीस इंची असेल तर सव्वादोन ते अडीच मीटर लागते, आणि सुती कापड शिवायला टाकण्यापूर्वी पाण्यातून काढलेच पाहिजे, नाहीतर पहिल्या धुण्यात बाही आखडते. शिंप्याकडे दोन गोष्टींचा आग्रह धरावा. खांद्याची शिवण बरोबर खांद्याच्या हाडावर यावी, आणि मुंढा, म्हणजे बाही जोडण्याची जागा, खोल न कापता काखेच्या जवळ राहावा. अनेकांना वाटते की मुंढा सैल असला म्हणजे हात मोकळा राहतो, प्रत्यक्षात सैल मुंढ्याचा शर्ट हात वर केला की पूर्ण वर ओढला जातो आणि पँटमधून बाहेर येतो. गळ्याचे बटण लावल्यावर आत दोन बोटे जावीत. शर्ट बाहेर ठेवायचा असेल तर त्याची खालची कड पँटच्या चेनच्या मध्यावर थांबावी, त्याखाली गेला की माणूस ठेंगणा दिसतो. पांढऱ्या शर्टाखाली पांढरे बनियन उठून दिसते, फिकट राखाडी दिसत नाही, ही बारीक गोष्ट फारच थोड्यांना ठाऊक असते.

पँटीला सव्वा मीटरच्या आसपास कापड पुरते. दुचाकी चालवणाऱ्या शहरात मांडीला घेर हवा, मोहरी, म्हणजे पँटचा तळाचा घेर, मात्र बुटावर सांडू नये, आणि तळाशी दोन इंच दाब ठेवून घ्यावा म्हणजे पुढे लांबी सोडता येते. रंगांच्या बाबतीत पांढरा, फिकट निळा आणि मोतिया हे वर, खाकी, राखाडी आणि गडद निळा हे खाली, एवढ्या भांडवलावर आठवडा निघतो. पट्टा आणि बूट एका रंगाचे असावेत, मोजे पँटीच्या रंगाचे. याच्यावर ज्याला स्वतःची छाप हवी त्याने दूर जाण्याची गरज नाही. धार जिल्ह्यातल्या बागचे तांबडे-काळे छापकाम नैसर्गिक रंगांत सुती कापडावर होते, त्याचा एक शर्ट बिनछापाच्या पँटीवर उठून दिसतो, फक्त अंगावर छापील वस्त्र एकच असावे. इंदूरपासून दोन-अडीच तासांवर महेश्वर आहे, जिथे अहिल्याबाईंनी अठराव्या शतकात विणकरांना आश्रय दिला आणि जिथला हातमाग १९७८ पासून ‘रेहवा’ संस्थेच्या कामाने पुन्हा उभा राहिला. महेश्वरी कापड हलके आणि किंचित पारदर्शक, म्हणून शर्टापेक्षा ते अस्तर लावलेल्या बंडीला किंवा उपरण्याला शोभते. त्याच्या काठाची बारीक रेघ बंडीच्या पुढच्या पट्टीवर आणली तर दागिन्याची उणीव भासत नाही. थंडीत हीच बंडी पूर्ण बाह्यांच्या सुती शर्टावर कोटाचे काम करते आणि ग्राहकासमोर, परीक्षकासमोर, व्यासपीठावर कुठेही कमी पडत नाही.

सूत चुरगळते, हा आक्षेप मी मान्य करतो. सकाळची इस्त्री दुपारपर्यंत उतरते. मात्र बसण्या-उठण्याने पडलेली मऊ सुरकुती आणि मळका, गबाळा वेश यांतला फरक कोणालाही कळतो, आणि जरा जाड विणीचे कापड निवडले तर ती सुरकुतीही कमी पडते. सक्ती उठली की मुले फाटक्या जीन्स घालून येतील, ही भीतीही व्यक्त होते. तिला उत्तर असे की, नियम नकोत असे मी म्हणत नाही. नियम वेगळा आणि अधिक काटेकोर हवा. आज यादीत ‘ब्लेझर अनिवार्य’ असे दोन शब्द लिहून महाविद्यालय मोकळे होते आणि त्या ब्लेझरचा खांदा कुठे उतरतो हे कोणी पाहत नाही. त्याऐवजी यादीत लिहावे: मार्च ते ऑक्टोबर सुती किंवा खादीचा शर्ट, मापाने शिवलेला, स्वच्छ इस्त्री केलेला, बिनछापाची पँट, बंद बूट; सदरा चालेल, तो साधा आणि गुडघ्यापर्यंत असावा; नोव्हेंबर ते फेब्रुवारी बंडी किंवा कोट, ज्याची त्याची निवड. ब्लेझरच्या ठेक्यापायी आज पालकांकडून जे पैसे घेतले जातात, त्यांत प्रत्येक मुलाचे दोन शर्ट शहरातल्या शिंप्यांकडून शिवून होतील. सत्राच्या पहिल्या आठवड्यात एखाद्या अनुभवी शिंप्याला दिवसभर बोलवावे, त्याने मुलांची मापे घ्यावीत आणि ती मापे एका कागदावर लिहून मुलाच्या हाती द्यावीत. छाती, कंबर, खांदा, बाही, गळा, पँटची उंची. हा कागद जवळ असलेला मुलगा उद्या तयार कपड्यांच्या दुकानात गेला तरी फसणार नाही.